भेटीच्या वेळेतला माणूस

इंदूताई, तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. तुमचा पुतण्या येऊन म्हणाला, "काका, तुम्ही बोला ना. काकूंना शेवटी शेवटी तुम्हीच जास्त ओळखत होता." मी मान हलवली आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. एक बाई उठून म्हणाल्या, इंदूताई किती शांत होत्या. मग एक गृहस्थ म्हणाले, त्यांनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही. तेव्हा मात्र मला तिथून उठून जावंसं वाटलं. माझं दुखावलंय. अजून दुखतंय. पण शोकसभेत असलं काही बोलत नाहीत, एवढं पुण्यात इतकी वर्षं काढून मला कळतं.

म्हणून इथे लिहितो. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात. "वानखेडे, भांडायला समोर माणूस लागतो. मी नाही, मग कुणाशी भांडताय?" तुमच्याशीच भांडतोय. तुम्ही उत्तर देत नाही ही तुमची जुनीच खोड आहे.

आपली पहिली भेट हॉस्पिटलच्या दारातल्या औषधांच्या दुकानासमोर झाली. वर्ध्याकडून आलो तेव्हा मी त्याच दुकानात काउंटरवर होतो. दिवसभर चिठ्ठ्या वाचून माझ्या लक्षात आलं होतं की औषध न्यायला आलेल्या माणसाला आपल्या घरच्याला नेमकं काय झालंय हे माहीत नसतं, आणि विचारायची त्याला भीती वाटते. मला भीती वाटत नव्हती. मालकाशी कडाक्याचं भांडण करून मी बाहेर पडलो आणि स्वतःचं कार्ड छापून घेतलं: पेशंट अ‍ॅडव्होकेट. कुठल्या हॉस्पिटलचा नोकर नाही, कुठल्या डॉक्टरचा माणूस नाही. पेशंटच्या बाजूनं उभं राहायचं, फाइल समजावून सांगायची, डॉक्टरांची वेळ मिळवायची, विमा कंपनीशी झगडायचं. घासाघीस मला रक्तातूनच येते. फक्त आता ती दुसऱ्यांसाठी करायची होती.

आप्पा, म्हणजे तुमचे यजमान, वरच्या मजल्यावर ॲडमिट होते. तुम्ही माझं कार्ड हातात धरून दोन्ही बाजूंनी वाचलंत.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही जी."

"वकील?"

"नाही."

"नातेवाईक तर नाहीच. मग आहात कोण?"

"तुमच्या बाजूनं बोलणारा."

"बोलणारे आमच्या सदाशिव पेठेत पैशाला पासरी आहेत. तुम्हाला ऐकता येतं का?"

मी चिडलो. पुण्यातल्या माणसांवर मी पहिल्या वाक्यातच चिडतो. पण तुम्ही कार्ड परत दिलं नाही, पर्समध्ये ठेवलंत. आप्पांचं दुखणं शेवटचं होतं. ते दिवस मी तुमच्याबरोबर काढले. ते गेल्यावर वाटलं, संपलं काम. तर काही दिवसांनी तुमचा फोन. "उद्या कुठे जाणार आहात? मी येते."

"कशाला येता, ताई?"

"तुम्ही डॉक्टरांशी भांडायला गेलात की पेशंट एकटा पडतो. आमचे हे पडले होते. मी त्याच्यापाशी बसेन."

कुणी विचारलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली बाई रिक्षातून उतरली आणि माझ्या धंद्यात शिरली. आणि शिरल्यावर तुम्ही माझी कामाची पद्धतच बदलून टाकलीत.

डॉक्टर बोलून गेले की तुम्ही पेशंटला विचारायचात, "काय म्हणाले हो डॉक्टर?" तेच मी बाहेर नेऊन नातेवाइकाला विचारायचं, वेगळं. दोघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी तेच बोलणं ऐकलेलं असायचं. पण दोन उत्तरं कधी जुळली आहेत? तुम्ही म्हणायचात, त्या दोन उत्तरांच्या मधे जेवढं अंतर पडतं तेवढंच आपलं काम. मग मी पुन्हा डॉक्टरांकडे जायचो आणि ते अंतर भरून आणायचो.

कसब्यातले ते तांबट आजोबा आठवतात? जन्मभर तांब्याची भांडी ठोकून त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून सगळे डॉक्टर त्यांच्या मुलाशीच बोलायचे. मुलगा मला म्हणाला, "हाताचं ऑपरेशन झालं की बाबा पहिल्यासारखे कामाला बसतील." तुम्ही आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलंत. ते म्हणाले, "माझ्याशी कुठं बोलले? मला तर कुणी काही बोललंच न्हाई." मी तिथेच पेटलो. तुम्ही माझ्या शर्टाची बाही धरलीत. "वानखेडे, डॉक्टरांना 'काहून' विचारू नका. 'का' विचारा. निम्मं भांडण तिथेच मिटतं." मी डॉक्टरांकडे गेलो आणि सौदा केला. म्हणालो, उभ्यानं जेवढा वेळ देता त्याच्या निम्माच द्या, पण खुर्चीवर बसून द्या, आणि आजोबांकडे तोंड करून. डॉक्टर हसले, आले, बसले. बसलेला डॉक्टर घाईत खोटा धीर देत नाही, हे माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे. आजोबांना त्या दिवशी कळलं की हात वाचेल, पण हातोडी उचलणार नाही. ते रडले, मग ऑपरेशनला हो म्हणाले. रिक्षात तुम्ही म्हणालात, "बसून, ही तुमची अट छान आहे. तुमच्या डोक्यात कधी कधी चांगलं काही येतं." तुमच्याकडून याहून मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

माझा मामा गावाहून उपचाराला आला, तेव्हा तुम्ही मला त्याच्या कामातून बाजूला काढलंत. म्हणालात, "घरच्याचं काम आपण घ्यायचं नाही. घरचा माणूस ऐकत नाही, त्याला हवं तेच त्याच्या कानात शिरतं. मामांना मी बघते." मी बाहेरच्या बाकड्यावर बसून दात खात राहिलो. मामा बरा होऊन गावी परत गेला. नंतरच्या रविवारी मी तुम्हाला स्कूटरवर बसवून खडकवासल्याला नेलं. धरणाच्या भिंतीकडे तोंड करून आपण कणसं खाल्ली. वारा एवढा होता की तुमचा पदर सारखा माझ्या तोंडावर येत होता. तिथे मी नियम कबूल केला. यापुढे घरच्याचं काम घेणार नाही. पण माझी एक अट होती, आणि ती मी स्पष्ट सांगितली होती.

"तुमच्यावर वेळ आली तर तुमचं काम मी करणार. तुम्ही माझ्या घरच्या नाही. तिथे नियम लागू होत नाही."

तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्या व्यवहारात समोरच्यानं नाही म्हटलं नाही, तर सौदा पक्का. मी आयुष्यभर तसेच सौदे केलेत आणि कुणी मोडले नाहीत.

तुम्ही मोडलात.

पोटातली गाठ कळली तेव्हा तुम्ही मला सांगितलं नाहीत. ॲडमिट झाल्यावर फोन केलात, तोही काय, तर "येताना मोसंबी आणू नका, इथे सगळे मोसंबीच आणतात." मी बॅग घेऊन धावलो. सगळे प्रश्न डोक्यात तयार होते: गाठ कुठवर पसरली, ऑपरेशन कोण करणार, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं का. वॉर्डच्या दारात सिस्टरनं अडवलं.

"भेटीची वेळ संध्याकाळी आहे."

"मी त्यांचा ॲडव्होकेट आहे."

"मावशींनी सांगितलंय, त्यांचे कुणी ॲडव्होकेट नाहीत. माहिती त्यांनाच द्यायची. तुम्ही वानखेडे ना? तुम्हाला नातेवाइकात टाकलंय."

या शहरातल्या किती वॉर्डांत मी भेटीची वेळ मोडून आत गेलोय. त्या दिवशी मला खाली लॉबीत बसावं लागलं, मोसंबीच्या पिशव्या घेतलेल्या लोकांमध्ये. संध्याकाळी दार उघडलं. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, वेणी घातलेली, आणि मला बघून हसलात. माझा मात्र पारा चढला होता.

"ठरलं होतं आपलं. खडकवासल्याला."

"तुमचं ठरलं होतं. मी कणीस खात होते."

"तुम्ही नाही म्हटलं नव्हतं."

"मी हो कधी म्हटलं?"

"काहून असं करता, ताई? माझ्याहून चांगला माणूस मिळणार आहे का तुम्हाला या कामाला?"

"नाही. म्हणूनच. बसा त्या स्टुलावर. आणि इथे कुणाला प्रश्न विचारायचा नाही. एकही नाही. नातेवाईक फार प्रश्न विचारतात."

मी बसलो. रोज संध्याकाळी येऊन त्या स्टुलावर बसायचो. करण्यासारखं काहीच नसायचं. नातेवाइकांना मी आजवर किती बोललोय, की नुसते बसू नका, काहीतरी विचारा. नुसतं बसणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही शेजारच्या बेडवरच्या मुलीला तिच्या डॉक्टरनं काय सांगितलं ते समजावत होतात. स्वतःच्या पोटात गाठ घेऊन माझं काम तुम्ही करत होतात आणि मी तुमच्या चादरीच्या सुरकुत्या बघत होतो.

मग एके संध्याकाळी डॉक्टर आले. मी उठलो, ते माझ्या स्टुलावर बसले. बराच वेळ बोलले, हळू, तुमच्याकडे बघून आणि मधून मधून माझ्याकडे बघून. मी दात आवळून गप्प होतो. ते गेले आणि तुम्ही लगेच मला विचारलंत.

"काय म्हणाले हो डॉक्टर?"

"ऑपरेशन करून बघता येईल म्हणाले."

तुम्ही नकारार्थी मान हलवलीत.

"मला ऐकू आलं, उपयोग होणार नाही म्हणाले."

दोन उत्तरं पडताळून बघायला तिथे तिसरं कुणी नव्हतं. आपल्या कामात नेहमी तिसरं माणूस असायचं, ते आपल्यापैकीच एक असायचं. मी दाराकडे निघालो, डॉक्टर अजून जिन्यापाशी असतील, विचारून येतो म्हणून. तुम्ही म्हणालात, "वानखेडे, बसा." कधी नव्हे ते तुमचा आवाज चढला होता. शेजारची मुलगी दचकली. मी बसलो.

तुम्ही ऑपरेशनला नाही म्हणालात आणि घरी गेलात.

घरी वेळेचं बंधन नव्हतं, तरी मी संध्याकाळीच यायचो. सवय लागली होती. खाली क्लासच्या मुलांच्या स्कूटरी अशा लावलेल्या असायच्या की जिन्यापर्यंत पोचायला कोलांट्या माराव्या लागायच्या. तुम्ही खिडकीतून बघत असायचात आणि वर आल्यावर कुणाच्या गाडीला माझा धक्का लागला ते सांगायचात. तब्येतीबद्दल बोलायची बंदी होती. मी एकदा ती मोडली.

"ताई, ते 'करून बघता येईल'च म्हणाले होते. मी खोटं ऐकत नाही."

"मीही ऐकत नाही. एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा."

"मग डॉक्टरांना विचारू. मी एकदाच जातो, एकच प्रश्न."

"नको. या वेळी राहू द्या दोन्ही उत्तरं. सगळीच भरून काढायची नसतात."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. एका उत्तरात तुम्ही या वर्षी गणपतीला आपल्या हातानं मोदक केले असते. दुसऱ्यात नाही. एवढं मोठं अंतर असंच सोडून द्यायचं? आपण तर औषध जेवणाआधी की नंतर, एवढ्या फरकासाठी डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहायचो. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग डोळे न उघडताच म्हणालात, "त्या स्वारगेटच्या बाईंचं काय झालं? मिळाली का ऑपरेशनची तारीख?" मी तारखेची हकीकत सांगितली. तुम्ही कुठे कुठे हसलात. तुमच्याशी माझं एवढंच शेवटचं नीट बोलणं. दुसऱ्या दिवशी तुम्ही फारसं बोलला नाहीत, आणि त्यानंतर बोलण्यासारखं राहिलं नाही.

आता कामाला एकटा जातो. पहिल्या आठवड्यात मी एका बाईंसाठी डॉक्टरांशी भांडलो, चांगला भांडलो, हवं ते मिळवलं. परत वॉर्डात आलो तर बाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या आणि त्यांच्यापाशी कुणीही नव्हतं. मला कळेना काय करावं. मी उभा राहिलो. मग मिळवलेलं सगळं सांगून टाकलं. त्या "हो, हो" म्हणाल्या. रडणं थांबलं नाही. तुम्ही तिथे काय करायचात? मी कधी बघितलंच नाही. मी नेहमी दुसऱ्या खोलीत असायचो. घरी गेलो की रागानं भरलेला असतो आणि तो राग ओतायला कुणी नसतं. माझ्या घरी पूर्वीही कुणी नव्हतं, पण तेव्हा फोन होता. तुमचा नंबर मी पुसलेला नाही. लावतही नाही. तो पुतण्याच्या खिशात वाजेल.

परवा शेवटी मी त्या डॉक्टरांकडे गेलो. तुमची बंदी तुम्ही होतात तोवर, असं मनाला समजावलं. पेशंटसारखा नंबर लावला आणि रांगेत बसलो. आत गेल्यावर त्यांनी मला लगेच ओळखलं.

"इंदूताईंचे तुम्ही. या, बसा."

मी विचारलं. "डॉक्टर, त्या संध्याकाळी तुम्ही ऑपरेशन करून बघता येईल म्हणालात, की उपयोग होणार नाही म्हणालात?"

डॉक्टर विचारात पडले. मग म्हणाले, "दोन्ही म्हणालो असेन. आम्ही असंच बोलतो हो. करता येतं, पण फारसं हाती लागत नाही. त्यांनी काही दिवस आधीच, सकाळच्या राउंडला, सगळं विचारून घेतलं होतं. नको म्हणून सांगितलंही होतं."

"मग संध्याकाळी परत कशाला बोललात?"

"त्यांनीच बोलावलं."

ताई, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर भेटीच्या वेळेत राउंडला येत नाहीत. कधीच येत नाहीत. भेटीच्या वेळेत डॉक्टर दिसावा म्हणून मी लोकांसाठी काय काय आटापिटा केलाय. आणि तो समोर येऊन माझ्याच स्टुलावर बसला, तरी मला, मला, त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

डॉक्टर हसत होते. "फार घासाघीस केली हो तुमच्या ताईंनी. मी म्हटलं, संध्याकाळी माझी ओपीडी असते. तर म्हणाल्या, एकदाच या. माझा माणूस तेव्हा येतो, त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. घाईत नको, बसून सांगा. मी म्हटलं, अहो, ते वानखेडे ना? ते मला फाडून खातील. तर म्हणाल्या, तो एकही प्रश्न विचारणार नाही, ही माझी जबाबदारी. त्या भरवशावर आलो मी. आणि खरंच, तुम्ही काही विचारलं नाहीत."

म्हणजे माझ्या तोंडाचा सौदा तुम्ही मला न विचारता केलात. इतक्या स्वस्तात मी कुणाला मला गप्प बसवू दिलं नसतं. आणि केलात तो माझ्यासाठीच, म्हणजे त्याच्यावर भांडताही येणार नाही अशी सोय करून. या गोष्टीचा मला राग आहे, आणि तो मी सोडणार नाही, कारण तुमचं म्हणून माझ्याकडे फार काही नाही.

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. मला अजून एक गोष्ट विचारायची होती. ऑपरेशनबद्दल नाही. 'माझा माणूस' हे शब्द तुम्ही स्वतः म्हणालात, की डॉक्टरांनी आपल्या बाजूनं घातले, एवढंच. आपल्या कामात नेमके शब्द विचारून घ्यावे लागतात. प्रश्न अगदी ओठांवर होता.

"अजून काही विचारायचंय, वानखेडे?" डॉक्टरांनीच विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि उठलो.